हसू कुणावर पडतं?

(खडेबाजार, सकाळची वेळ. दुकानांची शटरं वर जातायत. पाट्या कानडीत, बोलणं दोन्ही भाषांत.)

आमच्या बेळगाव भागात बाई घरातून निघताना "येतो गं मी" म्हणते. येतो, जातो, जेवतो. कुणाच्या कानाला ते खटकत नाही.

माझी आत्या खानापूर तालुक्यात दिलेली. पुण्यात एका लग्नात तिला पंगतीत बसायचा आग्रह झाला, तेव्हा ती म्हणाली, "बसा तुम्ही, मी मागनं जेवतो." सगळी पंगत हसली. आत्याही हसली, पण संध्याकाळपर्यंत गप्प गप्पच होती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढं सिनेमावर लिहायला लागलो, देशोदेशीचे तऱ्हेवाईक विनोदी सिनेमे शोधून बघायला लागलो. अजूनही असा सिनेमा सुरू झाला की मी आधी तेच बघतो: हसू कुणावर पडतंय?

(काचेच्या दारात उभा असलेला दरवान.)

जाक ताती या फ्रेंच दिग्दर्शकानं 1967 च्या 'प्लेटाइम'साठी पॅरिसजवळ काच-पोलादाचं एक नगरच उभारलं. त्यापायी तो कर्जात बुडाला. त्यात एका नव्याकोऱ्या हॉटेलाची पहिली रात्र आहे. काचेचं दार फुटून चुरा होतं, आणि दरवानाच्या हातात उरते ती नुसती मूठ. तो मूठ हवेत धरून दार उघडल्यासारखं करतो, आणि पाहुणे त्या नसलेल्या दारातून ऐटीत आत येतात. दरवान वेंधळा नाही, तो आपली नोकरी सांभाळतोय. हसू पडतं ते दारावर, त्या चकचकीत थाटावर. एवढा मोठा खर्च करून माणसाला इतकं अलगद जपणारा दुसरा विनोदी सिनेमा मी पाहिलेला नाही.

'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' लहानपणी मला वेड लावून गेला होता. 1980 चा, दक्षिण आफ्रिकेचा. विमानातून पडलेली कोकची बाटली, आणि ती पृथ्वीच्या टोकावरून टाकून द्यायला निघालेला कालाहारी वाळवंटातला माणूस. ब्रेक नसलेल्या जीपचे प्रसंग आजही फक्कड वाटतात. पण त्याच काळात तिथले, म्हणजे त्या माणसाच्याच 'सान' जमातीचे, कितीतरी लोक सरकारी वस्त्यांत राहत होते, आणि वर्णभेदी सरकारचं सैन्य त्यांच्या तरुणांना भरती करून घेत होतं. सिनेमा मात्र त्यांना जगाचा वाराही न लागलेले भाबडे जीव म्हणून दाखवतो. हे कळल्यावर पुन्हा बघितला, तेव्हा मला पुण्यातली ती पंगत आठवली. मी माझं मत बदललं.

(गणपती मंडळाचा मांडव, सोडतीच्या बक्षिसांचं टेबल.)

मिलोश फॉरमनचा 'द फायरमेन्स बॉल' पाहताना मंडळात काम केलेल्या कुणालाही घरच्यासारखं वाटेल. चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात अग्निशमन दलाचा समारंभ आहे, आणि सोडतीची बक्षिसं एकेक करून टेबलावरून गायब होतायत. शेवटी ठरतं, दिवे घालवायचे, ज्यानं घेतलं त्यानं अंधारात आणून ठेवायचं. दिवे लागतात तेव्हा नेमका परत ठेवायला आलेला दलातलाच एक जण सापडतो! आणि मग चर्चा कशाची, तर दलाच्या अब्रूची. फॉरमननं खऱ्याखुऱ्या अग्निशामकांनाच भूमिका दिल्या होत्या. 1968 मध्ये रशियन रणगाडे आले, आणि त्यानंतर या सिनेमावर बंदी आली. हसू बरोबर जागी लागलं होतं.

कानडीतल्या 'तिथि'बद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचंय. राम रेड्डीचा हा 2015 चा सिनेमा दक्षिण कर्नाटकात, मंड्याकडच्या एका खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. एकशे एक वर्षांचा सेंच्युरी गौडा वारतो. नातवाला जमीन विकायची घाई, पण वारस लागतो गौडाचा मुलगा, गड्डप्पा. आणि गड्डप्पाला कशाचंच काही पडलेलं नाही, तो आपला दाढी वाढवून रानोमाळ चालत राहतो. मग नातू जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला मिळवतो.

मी तो आमच्या शेजाऱ्यांबरोबर बघितला. ते बैलहोंगलचे, कानडीच बोलणारे. मंड्याची कानडी त्यांनाही कान देऊन ऐकावी लागत होती, मला तर जास्तच. पण दाखल्याच्या प्रसंगाला दोघंही एकदमच हसलो. "हौद्री," म्हणजे "हो ना," ते म्हणाले, "उताऱ्यावरच्या नावासाठी माणूस काय काय करतो." सीमाप्रश्नावर आमचं एकमत नाही, होणारही नाही. त्या दोन तासांत तो विषय निघालाच नाही.

(बेळगावच्या पश्चिमेची तांबडी माती. बटाट्याच्या सऱ्या.)

आत्याला मी दाखवला तो आकी काउरिस्माकीचा 'द मॅन विदाउट अ पास्ट', फिनलंडचा, 2002 चा. मार खाऊन स्मृती गेलेला एक माणूस हेलसिंकीत मालवाहू कंटेनरमध्ये संसार मांडतो. कुणी मोठ्यानं हसत नाही, कुणी जादा शब्द बोलत नाही. आत्याला त्यांची भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरंही नाही. तो कंटेनरशेजारी बटाटे लावायला लागला तशी ती पुढं सरकून बसली.

"एवढ्या थंडीत उगवतंय व्हय रे?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "थांब, तेवढं परत लाव. मी नीट बघतो."