अडकलेली चोक ट्यूब

[दृश्य: लाकडी टेबलावर बारा बोअरच्या बंदुकीची सुटी केलेली नळी. कॅमेरा नळीच्या तोंडाशी.]

निवेदन:

नळीच्या तोंडाशी, आतल्या कडेला या चार खाचा दिसतात. खाचा आहेत, म्हणजे आत आट्यांवर बसवलेली चोक ट्यूब आहे, छर्‍यांचा फैलाव ठरवण्यासाठी नळीचं तोंड किंचित आवळणारी छोटी नळी. जुन्या दुनळी बंदुकांत चोक बहुधा नळीतच कोरलेला असतो. तिथे फिरवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी ही खात्री करा.

बारा बोअर नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. फुल, म्हणजे आवळ चोक, तो तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटरने आवळतो, मॉडिफाइड, म्हणजे मधला चोक, त्याच्या निम्म्याने. एवढ्याशा फरकाने छर्‍यांचा फैलाव बदलतो. ट्यूब पातळ असते, आटे बारीक असतात आणि खाचांची खोली अगदी थोडी असते. या सगळ्यात लवकर मोडतात त्या खाचाच.

[दृश्य: पावसात भिजलेलं कपाशीचं शेत. मग पुन्हा टेबल.]

ट्यूब अडकते ती बहुतेक वेळा नुसती पडून राहिल्याने. खान्देशात उन्हाळाभर कोरडी धूळ, मग जूनपासून दमट हवा. त्यातच निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते आणि मग ती आठवडेच्या आठवडे तेलाविना पडून राहते. आट्यांत बारुदाची काजळी आधीच असते. ती ओल धरते आणि गंज सुरू होतो. दुसरं कारण काडतुसातल्या प्लास्टिक वॉडचं, म्हणजे बारुद आणि छर्रे यांच्यामधल्या प्लास्टिकच्या तुकड्याचं. ट्यूब किंचित सैल असली की गरम वायू आणि वितळलेलं प्लास्टिक तिच्या मागच्या कडेतून आट्यांत शिरतं. तिसरं कारण जास्त गंभीर आहे. फक्त शिशाच्या छर्‍यांसाठी असलेल्या आवळ चोकमधून पोलादी छर्रे उडवले, तर ट्यूब फुगून नळीला घट्ट चिकटते.

[दृश्य: बंदूक उघडून चेंबर रिकामा दाखवणारे हात.]

पहिलं काम, चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. मग नळी बंदुकीपासून सोडवून घ्या. नळी जोडलेली ठेवून तोंडाशी झटापट करायची नाही.

आधी पितळी ब्रशने नळी आतून घासून प्लास्टिकचा थर काढा. हा थर राहिला तर तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही. मग उभट बरणीत गंज सोडवणारं तेल घ्या आणि नळी तोंडाकडून त्यात उभी करा. सात-आठ सेंटिमीटर बुडेल एवढं तेल पुरे. काही ट्यूबचे आटे तोंडाजवळ असतात, काहींचे आतल्या टोकाला. अशी बुडवली की तेल दोन्हीकडून शिरतं. चोवीस तास, जुनाट गंज असेल तर दोन दिवस. तेलात अ‍ॅसिटोन मिसळून वापरणारेही आहेत, पण ते नळीवरच्या रंगाला आणि प्लास्टिकच्या भागांना खातं, शिवाय लगेच पेट घेतं. साध्या तेलाने काम होत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

[दृश्य: टी आकाराचा पाना खाचांत बसतो.]

पाना त्याच मॉडेलचा हवा. तो सगळ्या खाचांत तळापर्यंत बसला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर तिरका घालून हातोडीने ठोकलं की खाच फाटते, आणि नंतर योग्य पान्यालाही धरायला काही उरत नाही. नळी वाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, धरायची ती मागच्या, जाड भिंतीच्या बाजूला, लाकडाचे किंवा जाड चामड्याचे तुकडे लावून. तोंडाजवळ भिंत सर्वांत पातळ असते. तिथे आवळलं तर नळी लंबगोल होते आणि ट्यूब उलट जास्त घट्ट बसते.

आता पाना आत दाबून धरा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या. गंजाची पकड तुटते ती बहुधा इथेच. मग तोंडाकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने. थोडं सुटलं, परत थोडं आवळलं, तेलाचा थेंब, पुन्हा सोडलं. एका दमात फिरवायचं नाही, कारण सुटलेला कचरा आट्यांत अडकून आटे कापतो.

हलत नसेल तर उष्णता. तोंडाकडची बाजू तेल पुसून आडवी धरा, बाहेरून उकळतं पाणी ओता आणि लगेच पाना फिरवा. तापमानात सत्तर अंशांचा फरक पडला तर वीस मिलिमीटर व्यासाचं पोलाद सुमारे ०.०१६ मिलिमीटर फुगतं. आकडा लहान वाटतो, पण आट्यांतली पकड सुटायला तेवढंही कामी येतं. नळी बाहेरून तापते आणि ट्यूब तिच्यामागून, तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. गॅसची ज्योत मात्र कधीही नाही. दुनळीची पट्टी आणि तोंडावरचा मणी मऊ डाखाने जोडलेले असू शकतात. तो डाख वितळला की पट्टी सुटते. पाणी वापरल्यावर नळी आतबाहेर कोरडी करून तेल लावा.

गोळी झाडून ट्यूब सैल होईल, हा समज धोक्याचा आहे. अर्धवट सुटलेल्या ट्यूबवर छर्रे आदळले तर नळीचं तोंड फाटतं.

[दृश्य: लेथ मशीन, थांबलेली.]

एवढ्यानेही न सुटलेली ट्यूब लेथवर आतून कातून काढतात, आटे न दुखावता. ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचंच. तोंड कापून प्रश्न मिटवू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे.

ट्यूब निघाली की दोन्हीकडचे आटे ब्रशने घासून बघा. ट्यूब फुगलेली किंवा कडेला चिरलेली असेल तर टाकून द्या. नवी बसवताना आट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, शेवटपर्यंत बोटांनी फिरवा आणि पान्याने फक्त टेकवा. ट्यूबशिवाय बार काढायचा नाही, उघडे आटे खराब होतात. आणि बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली, तर आदल्या दिवशी ट्यूब काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवा.