मितोची सामुराई शाळा आणि तिची जोडबाग

श्रोतेहो, नमस्कार.

तोक्योच्या ईशान्येला, जलद गाडीने सव्वा-दीड तासाच्या अंतरावर, मितो नावाचे शहर आहे. तेथील कोदोकान ही शाळा मितोचे नववे अधिपती तोकुगावा नारिआकी यांनी १८४१ साली सामुराईंच्या मुलांसाठी सुरू केली. ज्युदोप्रेमींनी गोंधळू नये. त्यांचे कोदोकान तोक्योतले आणि पुष्कळ नंतरचे. येथे मुलगा पंधराव्या वर्षी दाखल होई, मात्र विद्या आयुष्यभराची मानली जात असल्यामुळे शिक्षण संपवून बाहेर पडण्याची सोयच नव्हती. चाळिशीनंतर हजेरीची सक्ती उठे, एवढीच काय ती सवलत.

मुख्य दरवाजापाशी जरा थांबावे. त्याच्या लाकडात आजही बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. १८६८ साली मितोचेच दोन गट या आवारात एकमेकांशी लढले आणि शिकवण्याच्या इमारती जळाल्या. नारिआकींचे पुत्र आणि जपानचे अखेरचे शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, योशिनोबू लहानपणी येथेच शिकले होते, आणि सत्ता गेल्यावर त्याच वर्षी याच वास्तूतल्या एका साध्या खोलीत ते स्थानबद्ध होऊन राहिले.

धनुष्याची दोरी सदैव ताणलेली ठेवू नये, या जुन्या चिनी वचनाला धरून नारिआकींनी शाळेच्या जोडीला १८४२ मध्ये काइराकुएन ही बाग खुली केली. या नावाचा अर्थच ‘सर्वांनी मिळून आनंद घेण्याची बाग’ असा आहे, आणि ठरावीक दिवशी सामान्य प्रजेलाही तेथे प्रवेश असे. शाळेत आणि बागेत त्यांनी ‘उमे’ची, म्हणजे जपानी जर्दाळूची, झाडे लावली. हे झाड थंडी सरण्यापूर्वीच फुलते आणि विद्याप्रिय वृक्ष म्हणून त्याची ख्याती आहे. शिवाय त्याची खारवलेली फळे सैन्याच्या शिदोरीत टिकतात. काव्य आणि कोठार एकाच झाडात साधणारा हा राज्यकर्ता मला मोठा धोरणी वाटतो.

बहुतेक प्रवासी पूर्वेच्या दाराने थेट फुलांकडे जातात. आपण मात्र जुन्या काळ्या दरवाजाने आत शिरावे. उंच बांबू आणि देवदारासारख्या वृक्षांच्या गर्द सावलीतून चालत असता अंगावर गारवा येतो, आणि मग एकाएकी उजेडात कोबुनतेई हे तीन मजली लाकडी विश्रामगृह उभे राहते. मूळ वास्तू १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली; आजची नंतर उभारलेली आहे. तिच्यात विहिरीच्या रहाटासारखा दोर-कप्पीचा एक पाळणा आहे, त्यातून वरच्या मजल्यावर जेवण चढवीत असत. पाहुण्यांना मात्र अरुंद जिनाच चढावा लागे, आणि तो चढून गेल्यावर खाली सेन्बा तलाव दिसतो.