पालवी फुटली, पण मूळ धरलं का?

नमस्कार श्रोतेहो.

मृगाने ओढ दिली, पण आर्द्राने हात दिला आणि गेल्या पंधरा दिवसांत तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दारात, बांधावर, सोसायटीच्या आवारात झाड लावलं असेल. कुणी नर्सरीतून पिशवीतलं रोप आणलं असेल, कुणी जुन्या जागेवरचं वाढलेलं झाड उपटून नव्या जागी नेलं असेल. आणि आता ते झाड मान टाकून उभं असेल. ते पाहून जीव कासावीस होतो, मग आपण पाण्याची बादली उचलतो. त्या बादलीबद्दलच आज बोलायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. कडेला एक कडुनिंब होता, मांडीएवढ्या जाडीचा. तो तोडू द्यायचा नाही, हलवायचा, असं आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं. ऐन मे महिन्यात जेसीबी लावून भोवती खणलं, फांद्या छाटल्या, दोर बांधून झाड उचललं आणि शाळेच्या मैदानात नेऊन उभं केलं. रोज पाणी घातलं, तेही सढळ हाताने. तीन आठवड्यांत खोडावर लालसर पालवी फुटली. झाड जगलं म्हणून शाळेत पेढे वाटले. श्रावण लागेपर्यंत ती पालवी काळी पडून गळून गेली.

झाड काढलं तेव्हा मी मुळं हातात घेतली. साल बोटांनी सोलून निघत होती आणि कुजका वास येत होता. नवं पांढरं मूळ एकही नव्हतं. मैदानाची जमीन काळी, खाली चोपण, म्हणजे पाणी मुरू न देणारी घट्ट माती. आमचा खड्डा म्हणजे तळाला भोक नसलेलं टाकंच झालं होतं. वरून पाणी जात होतं, खालून निचरा नव्हता. झाड पाण्यावाचून नाही, पाण्यात उभं राहून गेलं.

मग ती पालवी कशी फुटली? खोडात आणि जाड मुळांत झाडाने अन्न साठवलेलं असतं. त्या शिदोरीवर ते एकदा फुटतंच. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची फांदी कुंपणाला रोवली तरी मूळ फुटण्याआधी तिला डोळे फुटतात, हे तुम्ही पाहिलं असेल. म्हणून पहिल्या पालवीवर भरवसा ठेवू नका. पालवी टिकली, पुढे सरकली, तिची पानं मोठी झाली आणि दुसऱ्यांदा फूट आली, तर खाली मूळ धरलं असं समजा.

जमिनीखाली काय घडतं तेही सांगतो. झाड खणताना जाड मुळं आपल्याला दिसतात, त्यामुळे ती वाचवली की काम झालं असं वाटतं. पण पाणी शोषतात ती केसासारखी बारीक मुळं. ती बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. म्हणजे खणताना ती जवळजवळ सगळी मागेच राहतात. वर पानं तेवढीच, खाली पाणी ओढणारं कुणी नाही. झाड मान टाकतं ते यामुळे. तुटलेल्या मुळांच्या टोकांना नवी मुळं फुटेपर्यंत त्याला तग धरायचा असतो, आणि मुळाला फुटायला ओलाव्याइतकीच हवाही लागते.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे : वाफसा. माती ओली आहे, पण तिच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, अशी स्थिती. पेरणीला आपण वाफशाची वाट बघतो, झाडाच्या बाबतीत मात्र विसरतो. नव्या झाडाला पाणी घालण्याआधी बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती उकरा, बोटभर खोलवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे, पाणी नको. बोटांना चिखल लागला, तर दोन-तीन दिवस झाडाकडे फिरकूही नका. लाडू वळलाच नाही, तर पाणी द्या, तेही सावकाश आणि पोटभर. रोज तांब्याभर शिंपडल्याने वरची माती भिजते आणि मुळं वरच घोटाळतात.

पिशवीतल्या रोपांची गोष्ट याच्या उलट आहे. नर्सरीतून येणारी पुष्कळ रोपं लाल चिकट मातीच्या गड्ड्यात असतात आणि आपण ती काळ्या भुसभुशीत मातीत लावतो. पहिला महिनाभर मुळं त्या गड्ड्याबाहेर आलेली नसतात. भोवतीचं आळं ओलंगच्च आणि मधला गड्डा विटेसारखा कोरडा, असं मी स्वतः खणून पाहिलेलं आहे. म्हणून सुरुवातीला पाणी थेट गड्ड्यावर, बुंध्याच्या जवळ पडू द्या. मडक्याला तळाशी बारीक भोक पाडून, त्यात कापडाची वात घालून ते गड्ड्याच्या कडेला ठेवलं, तर फार छान काम होतं. महिन्या-दीड महिन्यानंतर आळं बाहेर वाढवत न्या. आणि लावताना पिशवी फाडून पूर्ण काढा. मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी मोकळी करा. आंब्याचं कलम असेल तर जोड मातीच्या वर राहू द्या आणि जोडाखालून येणारे खुंटाचे फुटवे काढत राहा.

दुपारी पानं लोंबली म्हणून घाबरू नका. पाऊस उघडीप देतो, ऊन तापतं, तेव्हा पानांतून उडणाऱ्या पाण्याला मुळं पुरी पडत नाहीत. संध्याकाळी ती सावरली तर ठीक आहे. खरी तपासणी सकाळची. सकाळी उठून पाहिलं आणि तरीही पानं मलूल, तर माती बघा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही मलूल असेल, तर मुळं गुदमरताहेत, चर काढून पाण्याला वाट करून द्या. सगळी पानं गळाली तरी लगेच उपटू नका. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाडात जीव आहे.

खताबद्दल मी जरा कडक बोलतो. झाड सुकलंय म्हणून मूठभर युरिया टाकणं म्हणजे काकडीच्या फोडींना मीठ लावण्यासारखं आहे. कोशिंबीर करताना पाणी कसं सुटतं, तसंच कोवळ्या मुळांतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुळंच नाहीत तर ते खत घेणार कोण? नवी पानं नीट वाढायला लागेपर्यंत रासायनिक खत नकोच. शेणखत द्यायचं तर ते पूर्ण कुजलेलं असावं. कच्च्या शेणखताने वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही येतात.

छाटणीचंही तसंच. मोठं झाड हलवताना काही फांद्या कमी कराव्या लागतात, पण मुंडण करू नका. नवी मुळं घडवायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. पिशवीतल्या रोपाची तर मोडकी काडी सोडून काहीही कापू नये, असं माझं मत आहे. त्यापेक्षा पश्चिमेकडून नारळाच्या झावळ्यांची किंवा शेडनेटची सावली करा. खोडाला गोणपाट गुंडाळलात तर आठवड्याला सोडून पाहा, वाळवी तिथेच घर करते. बुंध्याभोवती पाचट किंवा पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, पण खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. आधाराचे बांबू दोन हवेत. शेंडा वाऱ्यावर हलला तर चालतो, पण बुंध्याचा गड्डा हलला की फुटलेली केशमुळं तुटतात.

आमच्या रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात आणखी एक कडुनिंब आडवा आला. या वेळी वर्षभर आधी कळलं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला भोवती अर्ध्या गोलात चर काढून मुळं कापली आणि चरात माती-शेणखत भरलं. दिवाळीच्या आधी उरलेल्या अर्ध्या गोलात तसंच केलं. कापलेल्या टोकांना त्या चरात बारीक मुळांचं जाळं धरलं. पुढच्या जूनमध्ये बुंध्याच्या जाडीच्या दहापट रुंदीचा गड्डा गोणपाटाने आवळून बांधला आणि उंचवट्यावर, मुरमाच्या जमिनीत लावला. तुम्हाला असं मोठं झाड हलवायचं असेल, तर शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या, महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने ती लागते.

पहिल्या वर्षी तो जेमतेम चार पानं घेऊन उभा होता. येणारा-जाणारा म्हणायचा, गेलं हे झाड. आम्ही आठवड्यातून दोनदा मूठभर माती दाबून बघत होतो, बाकी काही केलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंडे वीतभर सरकले. यंदाच्या चैत्रात तो पहिल्यांदा मोहरला. मागच्या रविवारी आम्ही त्याचे बांबू काढले.

नमस्कार.