वाशांवर काय घालायचं?

(पडद्यावर: सुपारीची बाग. दूरवर समुद्राचा आवाज. बागेआड एक लांबट घर. छपरावर गंजाचे पट्टे आणि त्यांवर अंथरलेली निळी ताडपत्री.)

हे माझ्या आत्याचं घर. श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ओटी, माजघर, मागे पडवी, वर माळा. भिंती जांभ्याच्या, वासे शिवणीचे. या घराला आजवर तीन छपरं झाली आणि आता चौथं यायचं आहे. ते कशाचं असावं यावर घरात गणपतीपासून वाद चालू आहे.

थोरला मुलगा ठाण्याला असतो. त्याला शिंगल हवंय. म्हणजे डांबरी कौल, लोणावळ्याच्या बंगल्यांवर दिसतं ते. मऊ, लवचीक, वरून रेतीसारखे रंगीत कण. धाकटा इथेच असतो, बाग बघतो. त्याचं म्हणणं पत्रा. आत्याचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही.

(पडद्यावर: मागच्या अंगणात रचून ठेवलेली जुनी मंगळुरी कौलं. त्यांवर शेवाळ, मधून उगवलेलं नेचं.)

आधी ही होती. मंगळुरी कौलं. आपण यांना कोकणचं पारंपरिक छप्पर म्हणतो आणि ती उतरली की हळहळतो. खरं तर हेही बाहेरून आलेलं कारखान्याचं सामान. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात यंत्रावर कौलं पाडायला सुरुवात केली, आणि मग ती गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर आली. त्याआधी इथे नळे, म्हणजे हातानं घडवलेली अर्धगोल कौलं होती, त्याच्याही आधी गवत नि झाप. तेव्हा 'परंपरा मोडते' हा मुद्दा बाजूला ठेवू. आत्यानंही तो काढलेला नाही.

तिची तक्रार वेगळी आहे. वानरांची. सुपारीवरून उडी मारली की थेट पाख्यावर. एका उडीत दोन-तीन कौलं. पूर्वी दर वैशाखात शाकारणी व्हायची, गडी यायचे, फुटकी कौलं बदलायची, पालापाचोळा काढायचा. आता गडी मुंबईला. जे आहेत त्यांची वाट पाहता पाहता मिरग निघतो.

(पडद्यावर: वादळानंतरचे फोटो. उन्मळलेल्या सुपाऱ्या, वाकलेले विजेचे खांब, उघडे वासे.)

3 जून 2020. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, या बाजूलाच जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. आत्या सांगते, दुपारी जेवणं व्हायची होती. आधी ओटीवरची कौलं गेली, मग माजघरावरची. सगळे देवघरात जाऊन बसले, कारण त्याच्यावर माळ्याची तक्तपोशी होती.

पुढचे दिवस या किनाऱ्यावरच्या माणसांना सांगायला नकोत. वीज नाही, फोन नाही, आणि पावसाळा तोंडावर. जो मिळेल तो पत्रा, जो मिळेल तो माणूस. आत्याच्या घरावर तेव्हा बसलेला पत्रा पातळ होता, किती पातळ ते कुणी मोजलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात वळचणीला गंज दिसला. आता बोट लावलं तर आरपार जातं.

म्हणूनच थोरला म्हणतो, पत्रा नकोच. आणि धाकटा म्हणतो, तो पत्राच नव्हता.

(पडद्यावर: गंजलेल्या वळचणीचा जवळून फोटो. खालची बाजू.)

इथे जरा थांबू, कारण दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. हा गंज कुठे आहे ते बघा. वर नाही. पत्र्याच्या खालच्या बाजूला, वळचणीच्या आत. समुद्राचं खारं वारं दोन्हीकडे लागतं, पण वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. खाली पाऊस पोचत नाही. मीठ बसून राहतं, हवेतला ओलावा शोषतं आणि पत्रा खातं. म्हणजे ज्या बाजूला पाऊस लागत नाही ती आधी गंजते. मला हे कळायला चाळिशी यावी लागली.

लोखंडी पत्र्याला नागमोडी घड्या घालून ताठ करायची युक्ती 1829 सालची, लंडनमधल्या हेन्री पामर नावाच्या अभियंत्याची. त्याला जस्ताचा लेप देण्याची रीत फ्रान्समध्ये 1837 साली निघाली. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. जस्त संपलं की पत्र्याचा बचाव संपला. आज बाजारात चांगला पत्रा म्हणून जो मिळतो त्याच्या लेपात वजनानं 55 टक्के ॲल्युमिनियम, साधारण 43 टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन असतं. खाऱ्या हवेत हा लेप नुसत्या जस्तापेक्षा पुष्कळ टिकतो. पण दुकानात रंग विचारतात, लांबी विचारतात. लेप किती ग्रॅमचा, असं विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला विचित्र वाटतं. विचित्र वाटू द्यावं. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 150 ग्रॅम, एवढं बिलावर लिहून मागावं.

आणि मग हा चांगला पत्रा आपण स्वतः खराब करतो. कसं?

(पडद्यावर: कटरनं पत्रा कापला जातोय. ठिणग्यांचा फवारा.)

असा. हे दृश्य गावोगाव दिसतं, आणि पोरांना बघायला मजा येते. ठिणग्यांबरोबर कडेचा लेप जळतो. शिवाय उडालेले तापलेले कण रंगात रुततात आणि पहिल्या पावसातच तांबूस ठिपके उमटतात. पत्रा कात्रीनं कापावा. वेळ लागतो, हात दुखतात, म्हणून कुणी कापत नाही. स्क्रू मारल्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर तोही गंजाचं बी पेरतो. आणि ओलं सिमेंट या लेपाला चालत नाही. भिंतीला जिथे पत्रा भिडतो तिथे गवंडी थापी मारून 'सील' करून देतो ना, तीच जागा आधी जाते.

(पडद्यावर: शेजारच्या वाडीतलं नवं घर, गर्द लाल शिंगलचं छप्पर. थोरला मुलगा ते दाखवतोय.)

आता हे शिंगल. जन्म अमेरिकेतला, 1903 सालचा, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावचा. तेव्हा डांबरात भिजवलेल्या जाड कापडाचे तुकडे होते, आता आत काचेच्या धाग्यांची चादर असते. तिच्या दोन्ही अंगांनी डांबर, वर दगडाचे रंगीत कण. कण केवळ शोभेचे नाहीत. ऊन डांबराला कडक करतं, तडे पाडतं, आणि ते ऊन हे कण अंगावर घेतात. पन्हळीत रेतीसारखा गाळ साचायला लागला, तर समजावं की छप्पर म्हातारं होतंय.

थोरल्याला यातलं काय आवडलं? शांतता. त्या घरात बसून त्यानं एक अख्खी सर ऐकली, म्हणजे ऐकली नाही. पत्र्याखाली आषाढात फोनवर बोलता येत नाही, हे इथे कुणालाही विचारा. शिवाय थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस नसताना गळणारं छप्पर! शिंगलला हा त्रास फार कमी, कारण त्याच्या खाली फळी असते. आणि वानर? उडी मारली तर मारली. फुटायला काही नाही.

नारळाचं मात्र दोघांनाही भय आहे. पत्र्याला पोचा येतो, शिंगलला खड्डा.

(पडद्यावर: शिंगलखालची प्लायवूडची फळी. एका कोपऱ्यात पाण्याचा काळा डाग.)

पण शिंगलचं खरं छप्पर ही फळी आहे, हे विकणारा शेवटी सांगतो. पत्रा रिपांवर नाहीतर लोखंडी पाइपांवर टेकतो, मधे हवा खेळते. शिंगलला अखंड सपाट पाया लागतो. म्हणजे सगळ्या वाशांवर प्लायवूड, त्यावर डांबरी कागद, त्यावर शिंगल. कोकणात प्लायवूड म्हटलं की वाळवी, बुरशी आणि सुजणं. समुद्री दर्जाचं, आयएस 710 चा शिक्का असलेलं घ्यावं लागतं, आणि आढ्यापाशी हवा बाहेर जायला वाट ठेवावी लागते. ती नसेल तर फळी कोंडून सडते, वरून छप्पर देखणंच दिसत राहतं, आणि कळतं तेव्हा पाय आत गेलेला असतो. हा फळीचा खर्च धरला की शिंगल पत्र्याच्या पुष्कळ पुढे जातं.

आणखी एक खुबी आहे. शिंगलच्या पाठीला चिकट पट्टा असतो. उन्हानं तो मऊ होतो आणि वरची पट्टी खालच्या पट्टीला धरते. वाऱ्यात छप्पर टिकतं ते खिळ्यांनी आणि या चिकटण्यानं. म्हणून शिंगल एप्रिलमध्ये बसवावं, भरपूर ऊन खाऊ द्यावं. आमच्याकडे कामं सुरू होतात कधी? मेच्या शेवटी, ढग दिसल्यावर.

(पडद्यावर: सुतार वाशांची मोजणी करतोय. धाकटा हातात स्क्रू घेऊन उभा.)

आता वारा. धाकट्याचा सगळा भर यावर, आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे. ताशी 110 किलोमीटरचा वारा छपरावरून जातो तेव्हा चौरस मीटरला साधारण 55 ते 60 किलोचा जोर तयार होतो. कडांना आणि आढ्याला त्याहून जास्त. पत्र्याचं वजन किती? चौरस मीटरला चार-पाच किलो. शिंगल दहाच्या आसपास, आणि खालची फळी वेगळी. म्हणजे वजनानं यातलं काहीच टिकत नाही. मंगळुरी कौलं चौरस मीटरला 35-40 किलो भरतात, शिवाय फटींतून हवा जाते, दाब थोडा सुटतो. तरी ती गेली. पत्र्याला फट नाही. खालून वारा शिरला की तो पंखासारखा उचलतो, आणि एकटा जात नाही, शेजारचा पत्रा आणि कधी कधी वासाही घेऊन जातो.

तेव्हा प्रश्न पत्रा की शिंगल एवढाच उरत नाही. कडेला स्क्रू किती अंतरावर, आणि वासा भिंतीला कशानं बांधलाय? या घरात वासे भिंतीवर नुसते टेकलेले होते. दोन पिढ्या टेकलेले. सुतारानं ते दाखवलं तेव्हा दोन्ही भाऊ पहिल्यांदा एकाच वेळी गप्प झाले.

आता तिथे लोखंडी पट्ट्या येणार आहेत. छप्पर कुठलंही येवो.

स्क्रूबद्दलही सुतार बोलला. स्क्रूच्या डोक्याखाली काळा रबरी वॉशर असतो. फार आवळला तर फाटतो, सैल राहिला तर पाणी पितो. "पत्र्याआधी वॉशर मरतो," तो म्हणाला, "आणि गळलं की लोक पत्र्याला शिव्या घालतात." स्क्रू पत्र्याच्या खोलगट घडीत नको, उंचवट्यावर मारायचा, म्हणजे पाणी त्याच्यापाशी थांबत नाही. पत्रा उन्हात वाढतो, रात्री आखडतो. सहा मीटरचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकानं जवळजवळ तीन मिलिमीटर. रोज. भोकं हळूहळू लांबट होतात ती यामुळे. शेजारचे एक काका मधेच म्हणाले, पत्र्यावर वीज पडते. पत्रा विजेला बोलावत नाही. घरापेक्षा उंच माड चहूबाजूंनी उभे आहेत, वीज त्यांना आधी गाठेल. पत्र्याला अर्थिंग करावं, ते बरं.

(पडद्यावर: ओटीवर सगळे बसलेत. आत्या सुपारी कातरतेय.)

शेवटी आत्याला विचारलं गेलं. तिनं अडकित्ता खाली ठेवला नाही.

"श्रावणात गळलं तर वर चढणार कोण?"

थोरला म्हणाला, शिंगल बसवणाऱ्या माणसाचा नंबर आहे माझ्याकडे, पुण्याहून येतो.

"श्रावणात येईल?"

धाकटा म्हणाला, पत्रा असेल तर मीच चढेन. एक स्क्रू, एक वॉशर. ते श्रीवर्धनच्या बाजारात मिळतं.

"मग झालं की," आत्या म्हणाली.

थोरल्यानं एकच अट घातली, आतून फळीचं सिलिंग हवं, मधे आवाज मारणारा थर हवा. खर्चाची बेरीज झाली आणि सिलिंग दसऱ्यानंतर, असं ठरलं.

(पडद्यावर: नवं छप्पर. धाकटा केरसुणीनं कीस झाडतोय. आत्या खालून कडेचे स्क्रू मोजतेय, एक जागा दाखवतेय, तिथे राहिलेला आहे.)

जुनी कौलं तशीच रचून ठेवलीत. त्यातली थोडी माडांच्या आळ्यांना कड म्हणून लावली.

(पडद्यावर: संध्याकाळ. ओटी. आभाळ काळं.)

सात जूनला पहिली सर आली. मी ओटीवर कॅमेरा लावून बसलो होतो, आत्याची प्रतिक्रिया घ्यायची म्हणून. तिनं काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं, हातवारे करून. ध्वनिफितीवर फक्त पत्रा आहे.

सर ओसरल्यावर धाकट्यानं विचारलं, दादाला फोन लावू का, गळलं नाही म्हणून सांगतो.

आत्यानं बागेकडे बघितलं. दुसरी सर सुपाऱ्यांवरून येत होती.

"थांब. ही जाऊ दे, मग लाव."