गीझरची तिसरी वायर

(दृश्य: पुण्यातल्या जुन्या इमारतीतलं बाथरूम. वायरमन स्टुलावर उभा राहून गीझरचा सॉकेट उघडतोय.)

नोव्हेंबर उजाडला की वायरमनचा फोन थांबत नाही. उन्हाळ्यापासून बंद असलेले गीझर सुरू होतात आणि तक्रारी येऊ लागतात. पाणी तापत नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) पडतो, नळाला हात लावला की मुंग्या येतात. पहिल्या दोन तक्रारी एक दिवस थांबल्या तरी चालतं. तिसरी असेल तर गीझर आत्ताच्या आत्ता बंद. या घरातून आलेली तक्रार तिसरीच होती.

(दृश्य: सॉकेट, अगदी जवळून.)

आधी हे पाहा. उजव्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. ही फेजची, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरची बाजू. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपियर ओढतो, म्हणून त्याला 6 अँपियरचा पॉइंट चालत नाही, 16 चा लागतो. इथे सॉकेट 16 चाच आहे, पण आतली पितळी पट्टी सैल झालीय. या सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तरी तेवढ्याशा जागेत 38 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नचं टोक सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखंच हे.

वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची हवी. 3000 वॉटच्या इन्स्टंट गीझरला 4 ची घातलेली बरी. लाइन डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य स्विचपेटीपासून स्वतंत्र, आणि दोन्ही वायर एकदम तोडणारा डबल पोल स्विच बाथरूमच्या बाहेर. डबल पोलच का? साधं बटण एकच वायर तोडतं. कुणी चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर बटण बसवलं असेल, तर बटण बंद असतानाही कॉइलवर फेज असतोच.

(दृश्य: जुनी कॉइल. तिच्यावर क्षारांचा पांढरा, खडबडीत थर.)

कॉइलच्या नळीत मध्यभागी नायक्रोमची तार असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. बोअरच्या पाण्याने नळीवर क्षार चढतात, उष्णता बाहेर पडत नाही, आणि एक दिवस नळी तडकते. भुकटी ओली झाली की करंट टाकीच्या पाण्यात आणि पत्र्यावर उतरतो. तो जमिनीत नेऊन सोडायला ही तिसरी, हिरवी वायर, अर्थची.

गीझर घेताना टाकीची वॉरंटी सगळे विचारतात. घराचं अर्थिंग मात्र कुणी विचारत नाही.

(दृश्य: मल्टिमीटरचा आकडा.)

फेज आणि न्यूट्रल, 230. फेज आणि अर्थ, 230. इथवर सगळं ठीक वाटतं. न्यूट्रल आणि अर्थ, शून्य. लोड चालू असताना इथे थोडे तरी व्होल्ट दिसायला हवेत. वायरमन पॉइंट पूर्ण उघडतो. आत लाल वायरचा दोन इंचांचा तुकडा, न्यूट्रलच्या स्क्रूतून थेट अर्थच्या स्क्रूत. कुणीतरी लूप मारलाय. जमिनीपर्यंत जाणारी वायर या पॉइंटला कधी आलेलीच नाही.

हा लूप अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर फेज कॉइलमधून न्यूट्रलवर आणि लूपमधून गीझरच्या पत्र्यावर येतो. कॉइल नवी कोरी असली तरीही. एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या लेखी जास्त करंट गेलेलाच नसतो. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट तो ताडून पाहतो आणि 30 मिलिअँपियरच्या फरकाला सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. एमसीबीला जाग यायला याच्या पाचशे पटींहून जास्त करंट लागतो. पण आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग टाळता येत नाही. आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहायचं असतं. बऱ्याच घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं.

(दृश्य: लाल तुकडा वायरमनच्या तळहातावर.)

लूप निघाला. सॉकेट आणि कॉइल बदलायची, डीबीत आरसीसीबी बसवायचा. मीटरच्या खोलीतली अर्थची पट्टी तपासून तिथून वर हिरवी वायर ओढायची, म्हणजे चार मजले. काम उद्या. तोवर या घरात अंघोळीचं पाणी गॅसवर तापेल.