डोळ्याला दिसते ती धूळ आणि फुप्फुसात जाते ती

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत रविवारी सकाळी तुम्ही सगळे आलात त्याबद्दल आधी आभार. महिला बऱ्याच आल्या आहेत हे बघून जास्त बरं वाटलं, कारण आजच्या विषयातला, म्हणजे चंद्रपूरच्या हवेच्या प्रदूषणातला, मोठा भाग घरातल्या सिगडीचा आहे आणि तो बोलायचा राहूनच जातो.

चंद्रपुरात धूळ म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. दुर्गापूर, ऊर्जानगर, तुकूमकडे राहणाऱ्यांना वाळलेले कपडे दोरीवरून काढताना झटकावे लागतात, घुग्घुसला खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की काळी रेघ उठते. त्यामुळे आपली तक्रार कायम ह्याच धुळीची असते, आणि मग रस्त्यावर टँकरने पाणी मारलं जातं, झाडूच्या मशीन फिरतात, चार दिवस बरं वाटतं. पाणी मारलंच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण ज्या धुळीचा आपल्याला रोज राग येतो ती धूळ आणि जी आपलं आयुष्य कमी करते ती धूळ, ह्या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या आहेत, आणि आपण पहिलीच्या मागे लागल्यामुळे दुसरी सुटून जाते. आज मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्याच अवतीभवती.

माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कपड्यावर, गाडीच्या काचेवर जी दिसते ती जाडी धूळ, तिच्यातली बरीचशी नाकातले केस, शेंबूड, घसा अडवतात, खोकून शिंकून बाहेर पडते. दहा मायक्रॉनच्या आतली पीएम 10, ती श्वासनलिकेत उतरते. आणि अडीच मायक्रॉनच्या आतली पीएम 2.5, ती थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जाते, जिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो तिथपर्यंत, आणि त्यातले सगळ्यात बारीक कण तर रक्तातही उतरतात. हा एकेकटा कण तुम्हाला दिसत नाही, बोटाला लागत नाही, टँकरच्या पाण्याने तो फारसा खालीही बसत नाही. तो मुख्यतः जळण्यातून येतो. कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा, काहीही जळलं की येतो.

म्हणून प्रदूषण म्हटलं की आपल्याला दमा आणि खोकला आठवतो, पण मारतं ते जास्त करून हृदयाला आणि मेंदूला. कण आत गेला की शरीर त्याच्याशी भांडायला लागतं, सूज येते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, रक्त गोठायचं प्रमाण वाढतं, आणि ज्या माणसाला आधीच बीपी, शुगर आहे त्याला एक दिवस अटॅक किंवा लकवा येतो. डेथ सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक लिहिलं जातं. हवा कुठेच लिहिली जात नाही. गरोदर बाईच्या श्वासातून गेलं तर बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं जन्माला येण्याची शक्यता वाढते. सीओपीडी नावाचा आजार, ज्यात फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसतात, तो फक्त बिडी-सिगारेटवाल्यांना होतो असा समज आहे, पण आपल्याकडे आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायका दोन जिने चढून धापा टाकतात, त्यांचं काय? 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेचं प्रदूषण माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या धुराच्या गटात. आणि लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे 2019 ह्या एका वर्षात भारतात सुमारे 16.7 लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले. कोरोनात आपण रोज आकडे बघत होतो, ह्याचा आकडा कुणी टीव्हीवर खाली फिरवत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात चंद्रपूर 83.88 गुण घेऊन अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या खालोखाल चौथं आलं. ह्या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. त्यानंतर 2010 मध्ये अशा पट्ट्यांमध्ये नव्या उद्योगांवर काही काळ बंदीही आली होती. बंदी उठली. पुढे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, म्हणजे 2019 चा एनसीएपी, त्यातही हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपण आहोतच.

आपल्याकडे काय नाही? भोवती उघड्या खाणी, घुग्घुस-गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंट, स्पाँज आयर्नच्या भट्ट्या, बल्लारपूरला कागद, आणि ह्या सगळ्यांना जोडणारे कोळशाचे ट्रक, ज्यांच्यावर ताडपत्री नीट बांधलेली असली तर असली. आणि मधोमध 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र. ह्या केंद्राबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तिथला हिशेब समजला की बाकी कुठल्याही चिमणीचा समजेल.

एक युनिट वीज करायला आपल्याकडच्या कोळशाचे ढोबळ मानाने साडेसहाशे-सातशे ग्रॅम लागतात. सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले असं धरा, रोज चालत नाहीत, पण हिशेबासाठी धरा, तर दिवसाला पंचेचाळीस हजार टनांच्या आसपास कोळसा. आपल्या कोळशात राख खूप, 35 टक्के धरली तरी दिवसाला जवळपास सोळा हजार टन राख. त्यातली वीसेक टक्के भट्टीच्या तळाला पडते, बाकी साडेबारा हजार टन धुराबरोबर चिमणीकडे निघते. वाटेत असतो ईएसपी. म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या ओळी, त्यांच्यामधे हजारो व्होल्टचा दाब, राखेच्या कणाला विजेचा भार बसतो, कण पत्र्याला चिकटतो, मग हातोडे पत्र्यावर आपटतात आणि राख खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत पडते. उत्तम यंत्र आहे, जुनं आहे, सगळ्यांना माहीत असलेलं आहे. पण बघा, ईएसपी 99 टक्के चालला असं कुणी सांगितलं तर आपल्याला वाटतं वा, छान. साडेबारा हजारचा एक टक्का म्हणजे सव्वाशे टन, रोज. तोच 99.9 टक्के चालला तर साडेबारा टन. कागदावर पाऊण-एक टक्क्याचा फरक आणि आपल्या नाकात दहापट. ईएसपीतल्या पत्र्यांचा एक कप्पा बंद पडला, हॉपर तुंबला, राख वेळेवर काढली नाही, मेंटेनन्स पुढे ढकलला, की हा फरक पडतो. आणि ईएसपीतून निसटतात ते मोठे कण नाही, बारीकच निसटतात, म्हणजे नेमके आपल्याला नको ते.

आणि ईएसपी फक्त कण पकडतो. वायू नाही. आपल्या कोळशात गंधक कमी असतं असं नेहमी सांगतात, खरंय, अर्धा टक्का वगैरे. पण पंचेचाळीस हजार टनांचा अर्धा टक्का म्हणजे सव्वादोनशे टन गंधक, ते जळून जवळपास दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो हवेत जाऊन काही तासांत-दिवसांत सल्फेटचे बारीक कण बनतो. म्हणजे चिमणीतून निघताना जो कण नव्हताच तो वाटेत तयार होतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर कुणाच्या तरी फुप्फुसात उतरतो. ह्याच्यासाठी चुनखडी कालवलेल्या पाण्याने धूर धुवायचं यंत्र असतं, एफजीडी. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी कडक निकष काढले, दोन वर्षांत पाळा म्हणून सांगितलं, मग मुदत वाढली, मग परत वाढली, मग परत. आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना एफजीडीमधून सूटच मिळाली. मात्र अतिप्रदूषित पट्ट्यांच्या किंवा निकष न पाळणाऱ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं वेगळ्या वर्गात ठेवलीत, त्यांचा निर्णय एकेक करून घेतला जाणार आहे. हे चंद्रपूरच्या लोकांनी पाठ करून ठेवलं पाहिजे, कारण निर्णय एकेक करून होणार असेल तर तिथे आपलं म्हणणं मांडायला जागा आहे, आणि आपण गप्प बसलो तर ती जागा रिकामी राहणार नाही, दुसरं कुणीतरी आपलं म्हणणं मांडेल.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की सर, रात्रीच धूर जास्त का, रात्री ईएसपीसारखं मशीन बंद ठेवतात का. ह्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम, त्यामुळे धूर वर जात नाही, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा गावावर अडकतो. म्हणजे चिमणीतून तेवढाच धूर आला तरी आपल्याला जास्त जाणवतो. पण म्हणून कुणी रात्री यंत्र बंद ठेवत नाही असं मी म्हणणार नाही. ते अंदाजाने नाही, आकड्यांनी ठरवायचं. 2014 पासून मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या चिमण्यांना चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रं लावणं बंधनकारक केलंय, त्याचे आकडे मागा. रात्री दोन ते चारचे मागा.

आता सिगडी. खाणीच्या वस्त्यांमध्ये, बंगाली कॅम्पच्या मागे, पडोलीकडे संध्याकाळी दारात दगडी कोळशाच्या सिगड्या पेटतात, पेटायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास नुसता पिवळट धूर. त्या गल्लीतला सगळ्यात मोठा धोका वीज केंद्राची चिमणी नाही, ती सिगडी आहे. चिमणी उंच असते, धूर लांब पसरतो, पातळ होतो. सिगडी बाईच्या तोंडापासून दोन हातांवर आणि मांडीवर पोर. थंडीत हीच सिगडी लोक ऊब म्हणून घरात घेतात आणि दार लावून झोपतात. हे कृपा करून करू नका आणि कुणाला करू देऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पण नुसतं सिगडी वापरू नका असं सांगून मी मोकळा होणार नाही. 2016 ला उज्ज्वला आली, घरोघरी सिलेंडर गेले, पण दुसरं सिलेंडर भरायला पैसे लागतात आणि कोळसा खाणीजवळ जवळपास फुकट मिळतो. ज्या खाणींच्या शेजारी ही माणसं राहतात, ज्या विजेसाठी त्यांची हवा जाते, त्यांच्या घरी गॅस नाहीतर विजेची शेगडी परवडणाऱ्या दरात पोचवणं ही काही मेहेरबानी नाही. माझ्या मते चंद्रपुरात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त जीव वाचवणारं काम हेच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग जंगलात शिरते, शेतात पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळतात, गल्लीत सकाळी झाडलेला कचरा प्लॅस्टिकसकट पेटवतात. मोहाखाली जाळी अंथरता येते, पऱ्हाट्यांचा रोटाव्हेटर मारून चुरा करता येतो. ह्यावर जास्त बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

पैशाचं मात्र बोलतो. एनसीएपीमध्ये शहरांना निधी मिळतो. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) ह्या पर्यावरण संस्थेने 2024 मध्ये त्याचा हिशेब मांडला, खर्च झालेल्या निधीतला 64 टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा नाही. का? कारण कार्यक्रमाचं यश मोजतात ते मुख्यतः पीएम 10 वर, आणि पीएम 10 रस्ते झाडून थोडा खाली येतो. म्हणजे सरकारलाही तीच धूळ दिसते जी आपल्याला गाडीच्या काचेवर दिसते. आपला वर्षाचा निकष पीएम 2.5 साठी हवेच्या दर घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 पासून 5 आहे. पाचपर्यंत उद्या पोचू असं मी म्हणत नाही. पण मोजायचं तर पीएम 2.5 मोजा, आणि पैसा जिथे जळतं तिथे खर्च करा.

मघाशी मागून एका काकूंनी चिठ्ठी पाठवलीय, सकाळी फिरायला जाऊ का आणि तोंडाला रुमाल बांधला तर चालेल का. काकू, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला जाऊ नका, ऊन पडून हवा हलायला लागल्यावर, नऊच्या पुढे जा, आणि कोळशाच्या ट्रकच्या रस्त्याने तर जाऊच नका. रुमालाने जाडी धूळ थांबते, बारीक नाही, त्याला एन 95 मास्क लागतो आणि तो नाकावर घट्ट बसला पाहिजे. आणि सतत धाप लागत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, स्पायरोमेट्री नावाची फुंकर मारायची तपासणी असते, ती करून घ्या.

शेवटचं. बऱ्याच उद्योगांचं संमतीपत्र, म्हणजे उद्योग चालवायची मंडळाची परवानगी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर असतं, त्यात कुठल्या चिमणीला कुठलं यंत्र आणि किती मर्यादा हे लिहिलेलं असतं. बाहेरच्या टेबलावर तक्रारीच्या अर्जाचा नमुना ठेवलाय. त्यात फार धूळ आहे असं लिहू नका, त्याला उत्तर म्हणून टँकर येईल. तारीख, वेळ, कुठून बघितलं, कुठली चिमणी, फोटो, आणि त्या वेळचे ऑनलाइन मीटरचे आकडे द्या अशी मागणी, एवढं लिहा आणि पोच घ्या. ज्यांना संमतीपत्र वाचायला जड जाईल त्यांनी थांबा, आपण इथेच मोबाइलवर एकदोन उघडून बघू.