लसीत दहा, जगात शंभर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात लहान बाळ असेल तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘पीसीव्ही’ ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. दीड महिन्याला एक डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा आणि नवव्या महिन्यात गोवराच्या सुईबरोबर बूस्टर. एका मांडीत पेंटाव्हॅलंट, दुसऱ्या मांडीत ही. ‘न्यूमोनियाची लस’ असं आशाताई सांगतात, ते बरोबरच आहे. न्यूमोनिया करणारे जंतू बरेच, त्यांतल्या न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूवर ही लस आहे. आता गंमत अशी, की या एकाच जिवाणूचे शंभरावर प्रकार आहेत. पुण्यात तयार होणाऱ्या लसीत त्यातले दहा. एवढं लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे: जगात शंभरावर, लसीत दहा.

प्रकार ठरतो तो आवरणावरून. न्यूमोकोकसच्या अंगाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं चिकट आवरण असतं आणि प्रत्येक प्रकाराची साखळी वेगळी. आपल्या शरीरातली प्रतिपिंडं जंतू ओळखतात ते या आवरणावरून. सोसायटीचा वॉचमन गाडी ओळखतो नंबरप्लेटवरून, आत कोण बसलंय हे तो बघत नाही; तसंच हे. लस वॉचमनच्या हातात दहा नंबरांची यादी देते. अकरावा आला तर तो सरळ आत.

आणि नंबरप्लेट बदलली तर? त्यासाठी मला तुम्हाला फ्रेडरिक ग्रिफिथची गोष्ट सांगायला हवी. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी या गोष्टीसाठीच स्वीकारलं.

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना हे नाव आठवेल. आर आणि एस जिवाणू, चार उंदीर, चार चौकोन, हमखास येणारा प्रश्न. मुलं तो प्रयोग घडाघडा म्हणून दाखवतात. पण हा माणूस ते उंदीर कशासाठी मारत होता, हे कुठल्याही गाइडमध्ये नसतं. आपल्याकडे विज्ञान शिकवताना माणूस आधी वगळतात आणि मग मुलांना रस वाटत नाही म्हणून तक्रार करतात. असो.

ग्रिफिथ लंडनमध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. सरकारी नोकर, अबोल, एकटा राहणारा. जागा आणि साधनं बेताचीच. रॉकेलचा डबा आणि प्रायमस स्टोव्ह दिला तरी हा माणूस इतरांना महालात जमणार नाही ते काम करून दाखवील, असं त्याचे सहकारी म्हणत. (अनुदानाअभावी संशोधन थांबलंय असं सांगणाऱ्यांना मी हे वाक्य ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.)

त्या काळी पेनिसिलिन नव्हतं. न्यूमोनियावर इलाज म्हणजे घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम. पण एका प्रकारावरचं सीरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. म्हणजे रोग्याच्या छातीत कोणता प्रकार आहे, हे आधी कळायला हवं. ग्रिफिथचं काम तेच. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या गावांतून रोग्यांचा बेडका यायचा. तो उंदराला टोचायचा, उंदरात वाढलेला जंतू काढायचा आणि एकेका सीरमशी मिसळून बघायचं, कोणत्या सीरमनं गुठळ्या धरतात. रोज हेच, वर्षानुवर्षं.

हे करता करता त्याला दोन गोष्टी खटकल्या. प्रकारांना तेव्हा नंबर दिलेले असत; काही वर्षांत दुसऱ्या नंबरच्या प्रकाराचे रोगी कमी कमी होत गेले आणि भलतेच प्रकार वाढले. लक्षात घ्या, तेव्हा लस नव्हती. हा बदल आपोआप झालेला. दुसरी गोष्ट, एकाच रोग्याच्या बेडक्यात कधी कधी चार-चार प्रकार सापडत. एवढे जंतू एकाच माणसाला वेगवेगळे लागले असतील? की एकच जंतू वेश बदलत असेल?

मग त्यानं उंदरांवर तो प्रयोग केला. दुसऱ्या प्रकारातला, आवरण गमावून बसलेला जंतू घेतला. काचेच्या बशीत याच्या वसाहती खडबडीत दिसतात, आवरणवाल्याच्या तुकतुकीत, ओल्या थेंबासारख्या. हा खडबडीत जंतू एकटा टोचला तर उंदीर ठणठणीत. तिसऱ्या प्रकाराचा आवरणवाला जंतू तापवून ठार मारला आणि तोही एकटा टोचला, तरी उंदीर ठणठणीत. मग दोन्ही एकत्र टोचले, एक दुबळा आणि एक मेलेला. उंदीर मेले! आणि त्यांच्या रक्तात काय सापडलं? जिवंत, तुकतुकीत, आवरणवाला तिसरा प्रकार. पुन्हा सांगतो: टोचलेला जिवंत जंतू दुसऱ्या प्रकारचा होता, निघाला तिसऱ्या प्रकारचा. मेलेल्याचा अंगरखा जिवंतानं घातला होता, आणि पुढच्या पिढ्यांनाही तोच दिला.

1928 मध्ये त्यानं हे छापलं. न्यूयॉर्कचे जिवाणूशास्त्रज्ञ ऑस्वल्ड एव्हरी यांचा आधी विश्वासच बसेना, कारण प्रकार कायमचे असतात हे त्यांच्याच प्रयोगशाळेचं मत होतं. 1944 मध्ये एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मेलेल्या जंतूकडून जिवंताकडे गेलं ते डीएनए. ग्रिफिथला हे कळलं नाही. 1941 च्या एप्रिलमध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो आणि त्याचा मित्र स्कॉट राहत्या घरी मारले गेले. इतका भिडस्त माणूस, की 1936 च्या परिषदेत त्यानं बोलावं म्हणून मित्रांनी त्याला अक्षरशः टॅक्सीत कोंबलं, असं सांगतात. आजकाल दोन ओळींचा निष्कर्ष हाती आला की पत्रकार परिषद होते. असो, असो.

गोष्टीनं बराच वेळ घेतला, आता लसीकडे वळतो.

2000 साली अमेरिकेत मुलांसाठी सात प्रकारांची लस आली. त्या सात प्रकारांचे गंभीर आजार तिथे झपाट्यानं घटले, हे आधी मान्य करू; लस फसली असं कुणी म्हणू नये. पण नाकाघशात मोकळी झालेली जागा यादीबाहेरच्यांनी बळकावली, त्यात 19ए हा प्रकार पुढे. आणि तपासणीत असेही जंतू सापडले, जे आतून चौथ्या प्रकारचे होते, म्हणजे लसीच्या यादीतले, पण आवरण 19ए चं घालून बसले होते. उंदरात घडलं तेच माणसांत. 2010 मध्ये तेरा प्रकारांची लस आली, तिच्यात 19ए घालावाच लागला.

मग शंभरही घालून टाका ना, असं तुम्ही म्हणाल. अडचण बनवण्यात आहे. प्रत्येक प्रकार वेगळा वाढवायचा, त्याचं आवरण वेगळं काढून शुद्ध करायचं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला दाद देत नाही, म्हणून प्रत्येक साखर प्रथिनाला जोडायची आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी. दहा प्रकारांची लस म्हणजे एका बाटलीत दहा लसी. प्रत्येक वाढीव प्रकारामागे खर्च वाढतो.

त्यामुळे निवड करावी लागते, आणि निवड देशागणिक बदलते. अमेरिकेच्या त्या सातांत 1 आणि 5 नव्हते; आशिया-आफ्रिकेत ते महत्त्वाचे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं दहा प्रकारांची लस बांधली ती गरीब देशांतली मुलं कोणत्या प्रकारांनी आजारी पडतात ते बघून. 1 आणि 5 त्यात आहेत, 19ए सुद्धा आहे. 2019 च्या डिसेंबरात तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. सरकारी दवाखान्यातलं ते सगळं हलकं, असं मानणारी मंडळी माझ्या घरातही आहेत. त्यांना सांगायचं, की इथल्या मुलांचा विचार करून प्रकार निवडलेत ते याच लसीत.

एक प्रकार मात्र कुणालाच जुमानत नाही. ग्रिफिथच्या उंदरांच्या रक्तात सापडला तोच, तिसरा. तेरा प्रकारांच्या लसीत तो आहे, तरी त्याच्यापासून मिळणारं संरक्षण तोकडं. त्याचं आवरण जाडजूड असतं आणि तो त्याचे तुकडे भोवताली सोडत राहतो. प्रतिपिंडं त्या तुकड्यांनाच चिकटून खर्ची पडतात आणि जंतू निसटतो. म्हणजे लसीच्या यादीत नाव असून फारसा उपयोग नाही, असाही एक प्रकार आहे. मोठ्यांसाठी आता वीस आणि एकवीस प्रकारांच्या लसी आल्या आहेत, त्यांतही तो आहे. पण तो आटोक्यात आला असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही.

नमस्कार.